मुलांना घोडेस्वारीला घालताय?

मार्च उजाडला की आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींकडे एका ठराविक कागदाची गर्दी सुरू होते. उन्हाळी शिबिराचा फॉर्म आणि त्याच्या तळाशी एक ओळ : 'सदर विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. पूर्वी हे फॉर्म पोहण्याचे आणि गिर्यारोहणाचे असत. आता त्यांत घोडेस्वारीचे बरेच दिसतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय चमूने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी भारताकडे आले आणि त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. छंद चांगलाच आहे. भीमथडीच्या तट्टांचा हा मुलूख. आपल्या मुलाने मांड ठोकून घोड्यावर बसावे असे कोणत्या बापाला वाटणार नाही? माझी तक्रार छंदाविषयी नाही, ती त्या सहीविषयी आहे. आणि तक्रारीची सुरुवात माझ्यापासूनच केली पाहिजे.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट ओळीने बसलेले. कंपाउंडरने चार फॉर्म एकावर एक ठेवून पुढे केले. 'साहेब, पोरांचे आईबाप बाहेर उभे आहेत, तेवढ्या सह्या द्या.' मी दिल्या. त्या चारांतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. दीड महिन्यापूर्वीच त्याच्या उजव्या मनगटाचे प्लास्टर निघाले होते. ही नोंद माझ्याच दवाखान्यातल्या त्याच्या केसपेपरवर होती. फॉर्मवर 'पूर्वी हाड मोडले आहे काय?' असा प्रश्न नव्हता. शिबिरवाल्यांनी विचारले नाही, बापाने सांगितले नाही आणि मी पाहिले नाही.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी घोडा दुडकी चालीवर असताना तंग सैल होऊन खोगीर एका बाजूला सरकले आणि मुलगा त्याच हातावर पडला. कोपराच्या वरचे हाड मोडले. शिबिरवाल्यांनी 'मुका मार आहे' म्हणून बर्फ लावून घरी पाठवले. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी हाड बसवणाऱ्याकडे नेले. त्याने तीन दिवस तेल लावून कोपर चोळले. पाचव्या दिवशी माझ्याकडे आणले तेव्हा कोपर नारळाएवढे सुजले होते. मनगटाची नाडी लागत होती, एवढेच नशीब. साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. ऑपरेशन झाले, हाड जुळले. पण ते कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. मुलगा आता नोकरी करतो. ताप-खोकल्याला माझ्याकडेच येतो आणि 'काका' म्हणतो. ब्लडप्रेशर बघायला हात पुढे कर म्हटले की तो डावा हात पुढे करतो.

त्यानंतर घोडेस्वारीच्या प्रत्येक फॉर्मला मी थांबून वाचतो. माझे मत असे झाले आहे, की शाळा निवडताना तिने तुम्हाला काय दाखवले यापेक्षा काय विचारले हे पाहावे. जी शाळा फीशिवाय काहीच विचारत नाही, तिच्या दारावरूनच परत फिरावे.

हे मत गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा तपासून पाहता आले. माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने हट्ट धरला. वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्हीच बघा बाई, मला त्यातलं कळत नाही.' मलाही फारसे कळत नव्हते. पण कबूल करतो, पन्नाशी उलटल्यावर आपणही शिकावे असा एक छुपा विचार मनात होता. काका-पुतणी मिळून पुण्याजवळच्या दोन शाळा पाहून आलो.

पहिल्या शाळेचे ऑफिस वातानुकूलित होते. भिंतीवर ढाली, चषक, फोटो. 'दहा दिवसांत मूल एकटे घोडा पळवेल, सर्टिफिकेट देतो' असे तेथल्या गृहस्थांनी सांगितले. मी पागा पाहायची म्हणालो, तर 'आत्ता घोडे आराम करताहेत' असे उत्तर मिळाले. तरी पुतणी गेलीच मागच्या बाजूला, तिच्यामागे मी. तीन घोडे बांधलेले. एकाच्या पाठीवर, जिथे खोगीर टेकते तिथे, तळहाताएवढी उघडी जखम आणि तिच्यावर माश्या. पाण्याचे टाके कोरडे. हेल्मेटे खुंट्यांवर होती. पण त्यांतल्या दोघांना हनुवटीचा पट्टाच नव्हता. ज्याला घोड्याच्या पाठीवरची जखम दिसत नाही, त्याला माझ्या पुतणीच्या डोक्याची फिकीर असेल हे मी कसे मानू?

दुसऱ्या शाळेत ऑफिस म्हणून पत्र्याची शेड. शिकवणारे एक निवृत्त दफेदार. आम्ही गेलो तेव्हा ते एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होते. फीविषयी मी विचारले तर म्हणाले, 'ते नंतर.' आणि पुतणीला एकामागून एक प्रश्न : वय किती, वजन किती, चष्मा आहे का, कधी चक्कर येऊन पडलीस का, फिट येते का, दमा आहे का, हातपाय कधी मोडलाय का, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले? मी डॉक्टर आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मला खाली मान घालून उभे राहावेसे वाटले. माझ्या व्यवसायाने विचारायचे सारे प्रश्न तो माणूस विचारत होता.

मग त्यांनी तिला घोड्यावर बसवले नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या दोन दिवसांतही नाही. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे; मागून जायचे नाही. घोड्याला आपल्या शेपटीच्या थेट मागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून दचकून तो लाथ मारतो. खरारा कसा करायचा, लगाम हातात धरताना बोटांभोवती का गुंडाळायचा नाही, तंग एकदा आवळून झाल्यावर दोन-चार मिनिटांनी पुन्हा का आवळायचा. घोडा खोगीर चढवताना पोट फुगवून उभा राहतो आणि नंतर श्वास सोडतो. तंग सैल होतो तो असा. बारा वर्षांपूर्वीचे ते कोपर माझ्या डोळ्यांसमोर आले. तंग दुसऱ्यांदा आवळायला असे किती सेकंद लागले असते?

चौथ्या दिवशी पुतणी बसली ती लांब दोरीवर. दोरीचे टोक दफेदारांच्या हातात, घोडा त्यांच्याभोवती गोल कदम चालीने. नवशिक्याला हीच पद्धत योग्य. मूल मांड सांभाळायला शिकते आणि घोड्याचा ताबा जाणत्या माणसाकडे राहतो. पालकांनी हे जरूर पाहावे. पहिल्याच दिवशी दहा-बारा मुले दहा-बारा घोड्यांवर मोकळी सोडली असतील तर तो वर्ग नव्हे, वरात आहे. माझ्या मते एका शिक्षकाकडे चार-पाच नवशिक्यांपेक्षा अधिक नसावेत. घोडाही विचारून घ्यावा. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे बऱ्याच शाळांत येतात. नव्याने नीट शिकवलेला असा घोडा उत्तम असतो. पण मैदानावरून थेट शिबिरात आलेला घोडा दहा वर्षांच्या मुलाखाली देणे म्हणजे आगीशी खेळ.

इथे एक गोष्ट वेगळी काढतो. पाचगणीच्या टेबल लँडवर किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आपण मुलांना घोड्यावर फेरी मारून आणतो, ती सहल आहे, शिक्षण नव्हे. तिथे घोडेवाला लगाम धरून चालत असेल तर ठीक. पण मूल हट्ट करते म्हणून 'भय्या, जरा पळव' असे आपणच सांगतो, तेव्हा दोष घोडेवाल्याचा नसतो.

आता हेल्मेटविषयी. घोड्यावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षाही उंचावर असते आणि खालचे जनावर चालते-पळते असते. पडण्यातल्या सर्वांत गंभीर इजा डोक्याच्या. मोटारसायकलचे जड हेल्मेट किंवा सायकलचे हलके हेल्मेट चालणार नाही. घोडेस्वारीचे हेल्मेट डोक्याच्या मागच्या भागावरही खाली येते. आतमध्ये युरोपचा ईएन १३८४ किंवा अमेरिकेचा एएसटीएम एफ ११६३ असा मानकाचा क्रमांक असतो, तो पाहावा. ते डोक्यावर घट्ट बसावे, हलवले तर कपाळाची कातडी सोबत हलावी. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून तडा दिसत नसला तरी, टाकून द्यावे. शाळेतल्या सामाईक हेल्मेटने कितीदा मार खाल्ला आहे हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून मुलाला स्वतःचे घेऊन दिलेले बरे. बुटाची किंमत आपण बघत नाही, मग डोक्याची का बघावी?

हेल्मेट घातले म्हणजे सारे झाले, असेही नाही. सुपरमॅनचे काम करणारे नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली अडथळ्यावरून घोडा उडवताना डोक्यावर पडले. हेल्मेट होते. पण मानेचे मणके मोडले आणि पुढची नऊ वर्षे, २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते मानेखाली लुळे होते. म्हणून पडलेल्या मुलाला दोघांनी हातपाय धरून उचलणे, 'ऊठ ऊठ' म्हणून बसते करणे, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये घालून नेणे हे सारे घातक. मान दुखते म्हणत असेल, हातपायांना मुंग्या येत असतील, बेशुद्ध असेल तर डोके-मान आहे तशी स्थिर धरून १०८ला फोन करावा. शाळेला विचारा, 'मूल पडले तर तुम्ही काय करता?' 'आमच्याकडे कोणी पडत नाही' हे उत्तर आले तर दुसरी शाळा बघा. घोड्यावर बसणारा प्रत्येक जण कधी ना कधी पडतो. जवळचे रुग्णालय कोणते, तिथे एक्स-रे आणि सीटी स्कॅनची सोय आहे का, वाहन हजर असते का, याचे उत्तर शिक्षकाला पाठ असायला हवे.

डोक्याला मार बसल्यावर मूल उलट्या करते, गुंगीत जाते, तेच तेच विचारते, डोके फार दुखते म्हणते, फिट येते किंवा नाकाकानातून पाणी-रक्त येते, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. क्षणभरच भोवळ आली आणि नंतर ठीक वाटले तरी त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नये. 'पडला की लगेच परत चढव, नाहीतर भीती बसेल' हा जुना सल्ला खरचटलेल्या गुडघ्यापुरता ठीक आहे, डोक्यापुरता नाही. पोटात लाथ बसली असेल तर वरून काही दिसत नाही आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवायचेच. आणि मोडल्यासारखे वाटणारे कोपर कोणी, कृपा करून, चोळू नये.

धनुर्वाताकडे वळतो. घोड्याच्या लिदीत या रोगाचे जंतू असतात, त्यामुळे पागेतली साधी खरचटही दुर्लक्षून चालत नाही. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळणारी टीडीची लस झाली आहे का ते कार्डावर पाहा. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम झाल्यावर धावत येणे म्हणजे वरातीमागून घोडे. घोडा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे; रेबीज घोड्यालाही होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव येत असेल, अंगावर गाठी फुटलेल्या असतील तर मुलाला जवळ जाऊ देऊ नका. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांकडून क्वचित माणसालाही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत आढळला होता. घोड्यांच्या रक्ताची तपासणी होते का, पशुवैद्य किती दिवसांनी येतात, हे विचारायला लाजू नये. चांगल्या शाळेला या प्रश्नाचा राग येत नाही.

दम्याच्या मुलांना गवताची धूळ आणि घोड्याच्या अंगावरचा कोंडा त्रास देऊ शकतो. आधी अर्धा तास पागेत उभे करून पाहावे आणि पंप खिशात असावा. फिट येणाऱ्या मुलाने, फिट औषधाने पूर्ण आटोक्यात आल्याशिवाय आणि त्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय, बसू नये. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. त्यांची मान आधी तपासून, लागल्यास एक्स-रे काढून, मगच ठरवावे. पण अपंगत्व आले म्हणजे घोडा बंद, असा अर्थ कोणी काढू नये. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे झाले होते. घोड्यावर चढा-उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे. त्यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचे रौप्यपदक जिंकले आणि १९५६ मध्ये पुन्हा जिंकले. अशा मुलांसाठी फिजिओथेरपिस्ट सोबत असलेली शाळा शोधावी, ती मिळाली तर लाभ मोठा आहे. पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना, तोल सांभाळण्याला घोड्याच्या चालीइतका चांगला व्यायाम थोडाच.

मुलींच्या आयांना एक सांगतो. ओढणी, लांब साखळी, लोंबते डूल आणि बांगड्या घरी ठेवा. सुती, पूर्ण लांबीची, जाड शिवण नसलेली पँट घाला. पायात चपला किंवा सपाट तळाचे बूट नकोत. लहानशी टाच असलेला बूट हवा. पाय रिकिबीतून आरपार गेला आणि मूल पडले तर घोडा त्याला फरपटत नेतो. ती टाच पायाला अडवते. एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी आठच्या आत संपणारा निवडा.

मोठ्या माणसांपैकी गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांनी हा नाद या वेळी सोडावा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, कंबरेच्या चकतीचा त्रास असणाऱ्यांनी आणि मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलून मगच पाऊल टाकावे. बधिर पायाला रिकीब कळत नाही.

माझ्या स्वतःच्या छुप्या विचाराचे काय झाले, ते राहिले. पुतणीचे ठरल्यावर मी दफेदारांना हळूच म्हणालो, 'माझंही नाव लिहा.' त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. 'वजन?' चौऱ्याऐंशी किलो, मी म्हणालो. ते हसले नाहीत. 'साहेब, घोड्यावरचा एकूण भार त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, खोगिरासकट. हा आमचा सगळ्यांत मोठा घोडा, चारशे वीस किलोचा. म्हणजे चौऱ्याऐंशी. खोगीर आठ किलोचं. तुम्ही शहात्तर करून या.' मी डॉक्टर आहे हे तोवर पुतणीने सांगून टाकले होते. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

पुतणी आता दुडकी चालीवर आली आहे. गेल्या रविवारी मी काट्यावर उभा राहिलो, एकोणऐंशी भरलो. या वर्षीचे फॉर्म यायला लागले आहेत. मी सही करण्याआधी मुलाला समोर बसवतो, केसपेपर काढतो आणि दफेदारांचे सगळे प्रश्न त्याच क्रमाने विचारतो. कंपाउंडर कुरकुरतो, बाहेरची रांग वाढते.